वेणूच्या सात माळा

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे, तिवरांच्या आडोशाला, तिवरखोल नावाचं एक गाव होतं. त्या गावात सावळा नावाचा एक मेस्त्री राहत होता. नवी होडी बांधायची असो की जुनीच्या बुडाला रंग द्यायचा असो, पंचक्रोशीतले लोक त्याच्याकडेच येत. त्याचा हात सफाईदार होता. त्याचा स्वभावही सफाईचाच होता. त्याच्या अंगणात लाकडाची एक ढलपी पडलेली दिसत नसे.

समुद्रात होडी ठेवली की तिच्या बुडाला शिंपले चिकटतात. होडी जड होते, हळू चालते. पूर्वी मेस्त्री दर पंधरवड्याला होड्या वाळूवर ओढून घेई. शिंपले खरवडी, माडाच्या सुक्या झावळ्यांचा, चुडतांचा जाळ करून बूड शेकी, मग माशाचं तेल आणि चुना चोपडी. कंबर मोडून जाई. मग एक दिवस एका फिरत्या व्यापाऱ्याने त्याला लाल रंगाचे डबे आणून दिले. वर्षातून एकदा हा रंग लावला की बुडाला काही म्हणजे काही चिकटत नसे.

मेस्त्री खूश झाला. होडीवाले तर त्याहून खूश झाले.

"माझ्या होडीला समुद्रसुद्धा हात लावत नाही," मेस्त्री म्हणायचा.

"आणि मी लावला तर?" त्याची बायको वेणू विचारायची.

"तर आधी हात धू! विषारी आहे ते."

या बाबतीत तो फार काळजी घेई. डबा उघडण्याआधी कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली कोंडून ठेवी. रंगाशेजारी कुणाला पाणी पिऊ देत नसे. काम झालं की मात्र कुंचले खाडीत विसळी. जुना रंग खरवडून पडलेला लाल भुगा तसाच किनाऱ्यावर सोडी. भरती येई आणि सगळा भुगा उचलून नेई.

"ओहोटी-भरती माझी मोलकरीण आहे," तो सांगायचा. "रोज दोनदा अंगण झाडून जाते."

"ती केर नेऊन टाकते कुठे, ते कधी विचारलंत?" वेणू म्हणायची.

"समुद्रात. समुद्र काय लहान आहे?"

ही मोलकरीण दिवसातून दोनदा झाडून जाते खरी, पण दोनदा परतही येते, हे मेस्त्रीच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

तिवरखोलच्या बायका खाडीतल्या खडपांवरून, म्हणजे पाण्यातल्या खडकांवरून, शिंपल्यातली कालवं काढायच्या. पाणी ओसरलं की हातात लहान कोयती घेऊन चिखल तुडवत जायच्या. गावात एक जुनी रीत होती. लग्न होऊन सून घरात आली की सासूने एक खडप तिच्या नावाने करून द्यायचं. त्याला 'खडप ओटीत घालणं' म्हणत. त्या दिवसापासून त्या खडपावरची कालवं त्या सुनेची. तिच्या परवानगीवाचून तिथे नवऱ्यानेसुद्धा कोयती लावायची नाही. रीत अशी पक्की होती की खडपाशिवाय लग्न नाही, आणि रिकामं खडप ओटीत घालायचं नाही.

वेणूचा मुलगा विश्राम याचं लग्न पलीकडच्या किनाऱ्यावरच्या केशरशी ठरलं होतं. दोघं एकमेकांना पसंत होती. गाणी म्हणणाऱ्या बायकाही ठरल्या होत्या. उरलं होतं ते फक्त खडप बघणं. लोक मुलगी देण्याआधी घर बघतात. इथे मुलीची आई खडप बघायला येई.

कोजागरीच्या पौर्णिमेला, मोठ्या ओहोटीला, केशरची आई सुभद्राबाय पदर खोचून चिखलात उतरली. मेस्त्री जिथे होड्या बांधी त्या वाडीला लागूनच वेणूची तीन खडपं होती. त्यातलं मधलं सुनेसाठी ठरलं होतं. सुभद्राबायने खडपाला एक फेरी घातली. दुसरी घातली. मग कोयतीच्या मुठीने एका मोठ्या कालवावर ठकठक केली.

"विहीणबाय, ही तर सगळी म्हातारी," ती म्हणाली. "ह्यांची पोरं कुठे आहेत?"

वेणूने वाकून बघितलं. खरंच, तळहाताएवढी जुनी कालवं होती. त्यांच्या मध्ये नखाएवढं, तिळाएवढं एकही नव्हतं.

"ही म्हातारी दोन वर्षांत संपतील," सुभद्राबाय म्हणाली. "मग माझी लेक खडपावर काय, मीठ पिकवणार? रागावू नका. मुलगा सोन्यासारखा आहे. शिमग्याच्या पौर्णिमेला मी परत येईन. खडपावर तिळाएवढं एक जरी पोर दिसलं तरी वैशाखात लग्न लावू. नाहीतर माझी वाट मोकळी."

विश्रामचं तोंड उतरलं. वेणूला रात्री जेवण गेलं नाही. मेस्त्री मात्र चिडला.

"हे वरच्या वाडीवाल्यांचं काम," तो म्हणाला. वरची वाडी खाडीच्या वरच्या अंगाला होती. तिथे आंब्याच्या मोठ्या बागा होत्या. "फवारण्या करतात आणि घाण आपल्याकडे सोडतात!"

गावकीची बैठक बसली. गावाचा प्रमुख, गावकार म्हणाला, समुद्रच तापलाय. कुणी म्हणालं, मोठ्या बोटी तळ खरवडतात. कुणी म्हणालं, देवीचा कौल चुकला. यातलं सगळंच काही खोटं नव्हतं. समुद्र खरोखरच पूर्वीपेक्षा कोमट झाला होता, हे पाण्यात रोज उभ्या राहणाऱ्या बायकांच्या पायांना कळत होतं. पण मेस्त्रीचा आवाज सगळ्यांत मोठा होता. शेवटी असं ठरलं की मार्गशीर्षाच्या अमावास्येला भरतीबरोबर तीन होड्या घेऊन वरच्या वाडीत जायचं आणि त्यांना जाब विचारायचा. पुढे मेस्त्री राहणार.

"जाब विचारायला जाताय, तर आधी खाडीला विचारून बघूया," वेणू म्हणाली.

"खाडी काय बोलणार?"

"विचारल्याशिवाय कसं कळेल?"

कालवाचं पोर जन्मतं तेव्हा त्याला घर नसतं. डोळ्यांना दिसणारही नाही एवढंसं ते पोर पंधरा-वीस दिवस पाण्यात तरंगत, चाचपडत फिरतं. मग एक खरखरीत जागा पसंत करतं आणि एकदाच तिथे पाय टेकतं. त्यानंतर जन्मभर हलत नाही. म्हणून जागा निवडताना ते सुभद्राबायपेक्षाही चोखंदळ असतं. त्याला सगळ्यांत आवडतो तो जुन्या कालवाचा शिंपला. हे वेणूला तिच्या सासूने शिकवलं होतं.

वेणूने जुने शिंपले गोळा केले. त्यांना भोकं पाडली आणि सुंभात ओवून सात माळा केल्या. एकेका माळेत एकवीस शिंपले. पहिल्या माळेला एक गाठ, दुसरीला दोन, अशा ओळखीच्या गाठी मारल्या. मग ओहोटीला जाऊन तिने त्या माळा खाडीत बांधल्या. पहिली वरच्या वाडीच्या धक्क्याखाली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी वाटेतल्या तिवरांना, एकीपासून दुसरी सारख्याच अंतरावर. सहावी मेस्त्रीच्या वाडीखाली, मधल्या खडपाशेजारी. सातवी पार खाडीच्या तोंडाशी.

बायका हसल्या. "वेणूवयनी खाडीचं बारसं करतेय गो!"

"पाळणा तर बांधला," वेणू म्हणाली. "पोर येतं का बघूया."

अख्खा कार्तिक गेला, मार्गशीर्षही सरत आला. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला ती सात ठिकाणी जाई, माळ वर काढी, हाताने चाचपून बघी आणि परत सोडी. घाई केली नाही. कुणाला काही सांगितलंही नाही.

वरच्या वाडीत जायच्या आदल्या दिवशी तिने सातही माळा सोडवून आणल्या. पडवीतल्या दोरीवर ओळीने टांगल्या आणि मेस्त्रीला हाक मारली.

"अहो, हात मोकळा असेल तर जरा इकडे या. खाडी बोलली."

मेस्त्री रंधा ठेवून आला. पहिल्या माळेवर पोरं होती, पण थोडी. दुसरी आणि तिसरी बघून तो हसलाच. शिंपल्यांवर संक्रांतीचा हलवा सांडावा तशी पांढरी, काटेरी पोरं दाट बसली होती. चौथीवर विरळ झाली. पाचवीवर मोजून आठ. सहाव्या माळेचे एकवीस शिंपले त्याने उलटेसुलटे करून बघितले. मग परत बघितले. शिंपले कोरे होते. सातव्या माळेवर पुन्हा चार-पाच पोरं होती.

मेस्त्रीने सहाव्या माळेच्या गाठी मोजल्या. सहाच होत्या. त्याने शिंपल्याच्या आतल्या बाजूने बोट फिरवलं. बोटाला लालसर गाळ लागला. हा रंग तो झोपेतसुद्धा ओळखला असता.

तो पडवीच्या पायरीवर बसला.

"ही कुणी बघितली?" त्याने विचारलं.

"तुम्ही आणि मी."

"उद्या तीन होड्या निघणार आहेत. मी पुढे."

"ठाऊक आहे," वेणू म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही. सहावी माळ चुलीशेजारी टाकलीत तरी विचारणार नाही. माळा आता तुमच्या."

एवढं बोलून ती भात टाकायला आत गेली.

मेस्त्री बसून राहिला. रंग थांबवला तर पुन्हा दर पंधरवड्याला जाळ, तेल आणि मोडलेली कंबर. होडीवाले कुरकुर करतील. ज्या सफाईबद्दल पंचक्रोशी त्याला मान देत होती, तीच सफाई उद्या चव्हाट्यावर येईल. आणि गप्प बसलं तर काहीच होणार नाही. सहावी माळ नाहीशी झाली की उरलेल्या सहा कुणाला काही सांगणार नव्हत्या. तेवढ्यात त्याच्या कोंबड्या डालग्याखाली कलकलल्या. सकाळी डबा उघडला होता म्हणून त्यानेच त्या डालून ठेवल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग उठून त्याने डालगं उचललं.

दुसऱ्या दिवशी भरती लागली तसे लोक धक्क्यावर जमले. कुणी वल्ही आणली होती, कुणी काठ्याही. इतक्यात मेस्त्री आला. त्याच्या गळ्यात सात माळा होत्या.

"काय मेस्त्री, नवरदेव विश्राम की तुम्ही?" गावकाराने विचारलं. सगळे हसले.

मेस्त्रीही हसला. मग एकेक माळ गळ्यातून काढून त्याने लोकांच्या हातात दिली, आणि कुठली कुठे बांधली होती ते सांगितलं. सहावी शेवटी दिली.

"होडीला जे चिकटत नाही, ते खडपालाही चिकटत नाही," तो म्हणाला. "दोन्ही एकाच खाडीची लेकरं. मी माझ्या कोंबड्या जपल्या आणि तुमची कालवं मारली. चूक माझी आहे."

गावकार त्याच्या कानाशी लागला. "अरे, हळू बोल. रंग बंद झाला तर आमच्या होड्या जड होतील. फवारणी काय खोटी आहे? जाऊन त्यांनाच दोष देऊ. तुझं नाव कशाला?"

"माझं नाव त्या माळेवर लिहिलंय. लाल रंगात," मेस्त्री म्हणाला.

"मग होड्यांचं काय?" एक होडीवाला कुरकुरला.

"पूर्वीसारखं. मी शेकीन, मी तेल लावीन. तुम्ही फक्त ओढायला या."

"आणि समुद्र तापलाय, त्याचं?" गावकार अजून हटत नव्हता.

आता वेणू पुढे झाली. "भावजी, समुद्राचा ताप उतरवणं एका गावाच्या हातात नाही. पण तापलेल्या लेकराला निदान विष तरी पाजू नये."

बायकांनी माना डोलावल्या. जिला तिला आपापलं खडप आठवलं.

"मग आता वरच्या वाडीत जायचं की नाही?" कुणीतरी विचारलं.

"जायचं तर!" मेस्त्री म्हणाला. "काठ्या इथेच ठेवा. टोपल्या घ्या."

वरच्या वाडीला आधीच बातमी लागली होती. तिवरखोलवाले भांडायला येताहेत म्हणून तिथले लोकही धक्क्यावर काठ्या घेऊन उभे होते. तीन होड्या लागल्या. मेस्त्री सातही माळा घेऊन उतरला, कुठली कुठे बांधली होती ते त्याने दाखवलं आणि हात जोडून म्हणाला, "आमच्या खडपांवर पोरं धरत नाहीत. दोष तुमचा असं मी गावभर सांगत होतो. तो माझाच निघाला. माफ करा. आणि तुमच्याकडे जुने शिंपले असतील तर द्या. पोरांना बसायला जागा करायची आहे."

काठ्या तशाच राहिल्या. भांडायला येणाऱ्यांचं काय करायचं हे ठरलेलं होतं. माफी मागायला येणाऱ्यांचं काय करायचं ते कुणी ठरवलंच नव्हतं. शेवटी एक म्हातारा बागवाला खोकला.

"आता तुम्ही एवढं बोललात तर सांगतो," तो म्हणाला. "आमची पहिली माळही काही फार भरलेली दिसत नाही. फवारणीची पिंपं आम्ही ह्याच धक्क्यावर विसळतो."

"बाबा!" त्याचा मुलगा दटावून म्हणाला.

"बाबा काय? मेस्त्रीने पागोटं उतरवलं तर मी टोपी तरी उतरवू नको?"

पहिल्यांदा कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. काठ्यांनी वरच्या वाडीवाल्यांनी शहाळी पाडली. वर्षानुवर्षं साठलेला शिंपल्यांचा ढीग दोन्ही गावांनी मिळून होड्यांत भरला. ओहोटीबरोबर होड्या परत निघाल्या तेव्हा काठापर्यंत भरल्या होत्या. पिंपं यापुढे बागेच्या वरच्या टोकाला, पाण्यापासून लांब धुवायची असं म्हाताऱ्याने सगळ्यांसमोर कबूल केलं.

मेस्त्रीने आपली वाडी सुधारली. भरतीच्या रेषेच्या वर फरशी घातली. जुना रंग खरवडायचा तर त्या फरशीवर, खाली जुनं शीड अंथरून. लाल भुग्याचा कण अन् कण डब्यात भरून त्याने झाकणं ठोकली. पुढच्या फेरीला व्यापारी आला तेव्हा ते डबे त्याच्याच गाडीत चढवले.

"हे काय?" व्यापाऱ्याने विचारलं.

"तुमचंच आहे. जिथून आणलंत तिथे पोचवा. आणि हात धुवा हो, विषारी आहे!"

वेणूने पोरं धरलेल्या माळा परत आपापल्या जागी बांधल्या, आणि खडपांभोवती शिंपल्यांच्या नव्या माळाच माळा लागल्या. दर पंधरवड्याला किनाऱ्यावर चुडतांचा जाळ होऊ लागला. होड्या शेकायला आलेल्या लोकांनी बांगडे आणले, त्याच जाळावर भाजले आणि गाणी म्हटली. ज्या कामाला सगळे घाबरत होते त्याची वाट बघू लागले. मेस्त्रीची कंबर मात्र दुखायचीच. वेणू तिला तेल लावून द्यायची.

पौष गेला, माघ गेला. तिन्ही खडपांवर नवं पोर एकही नव्हतं. गाळात मुरलेला रंग एका दिवसात जात नाही. विश्राम रोज ओहोटीला जाऊन बघून येई.

शिमग्याच्या आदल्या दिवशी गावकार मेस्त्रीकडे आला. "अरे, तिसऱ्या माळेवरची चार पोरं उचल आणि मधल्या खडपाला चिकटव. विहीणबायला काय कळतंय?"

"गावकार, पोरं उसनी आणून सून घरात येत नाही," मेस्त्री म्हणाला. "जे आहे ते दाखवीन."

पौर्णिमेला पाणी ओसरलं. ढोल वाजवत पालखी वाडीवाडीतून फिरत होती. सुभद्राबाय आली आणि या खेपेला केशरही हट्टाने तिच्याबरोबर आली. सुभद्राबायने खडपाला फेरी घातली. दुसरी घातली. चष्मा पुसून तिसरी घातली.

"विहीणबाय, मला काही दिसत नाही गो," ती म्हणाली. तिचाही आवाज पडला होता. तिला विश्राम मनापासून आवडला होता.

"नाहीच दिसत," मेस्त्री म्हणाला. "कारण मी होतो. कारण आता गेलंय, पण खडपाला अजून खात्री पटलेली नाही."

सुभद्राबायने लेकीकडे बघितलं. केशर मात्र चिखलात गुडघ्यांवर बसली. खडपाच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नाही आणि डोळा जात नाही, तिथे तिने हात घातला आणि हळूहळू फिरवला.

"आई गं!" ती ओरडली आणि हात बाहेर काढला. अंगठ्यावर रक्ताचा एक थेंब होता.

"काय चावलं?"

"चावलं नाही," केशर हसत सुटली. "कापलं! आई, तिथे धारदार काहीतरी आहे. एक नाही. इथे एक, इथे एक, इकडे तर ओळच आहे!"

सुभद्राबाय चिखलात आडवी झाली. लुगड्याची पर्वा न करता तिने खडपाखाली डोकं घातलं. आतून तिचा आवाज आला, "विहीणबाय! तिळाएवढी म्हटलं होतं मी. ही तर हरभऱ्याएवढी आहेत!"

विश्रामने उडी मारली आणि चिखलात घसरून पडला. बायकांनी तिथेच गाणं धरलं. पालखीच्या ढोलवाल्यांना काय झालं ते कळलं नाही, पण त्यांनीही जोरात वाजवायला सुरुवात केली.

केशर अंगठा धरून उभी होती. मेस्त्री पुढे आला. सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "आधी हात धू!"

मग तो थांबला. त्याने खडपाशेजारच्या खळग्यात साठलेल्या खाडीच्या पाण्याकडे बघितलं. त्यात तळाचा प्रत्येक शिंपला स्वच्छ दिसत होता.

"धू बाय," तो म्हणाला. "ह्याच पाण्यात धू."

तात्पर्य: पाण्याबरोबर वाहून गेलेली घाण नाहीशी होत नाही, ती कुणाच्या तरी लेकरांच्या दारात जाऊन पडते, म्हणून दुसऱ्याला जाब विचारण्याआधी जो आपलं अंगण तपासतो आणि चूक उघड कबूल करतो, त्याच्यामागून दुसरेही सुधारतात.